तांबड्या रेघेची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे, पण तुमच्या दप्तरातल्यासारखी नाही. माझ्यावर इंच नाहीत, सेंटिमीटर नाहीत, आणि माझ्या आधाराने आजवर कुणाची एक रेघ सरळ आलेली नाही. माझ्या अंगावर अठरा चौकोन आहेत. पहिला दुधाच्या सायीसारखा, अठरावा विझलेल्या कोळशासारखा, आणि मधले सोळा या दोघांच्या भांडणात सापडलेले. नवव्या आणि दहाव्याच्या मध्ये एक तांबडी रेघ आहे. मी कोण आहे हे त्या रेघेवरून कळतं. तुम्ही कोण आहात, हेही एके काळी तिच्यावरूनच कळायचं.

मला बनवलं एका पाट्या रंगवणाऱ्याने. ‘कुत्र्यापासून सावध’, ‘येथे थुंकू नये’, असली त्याची कामं. एक दिवस चष्मेवाले साहेब आले आणि म्हणाले, सरकारला माणसांचे रंग हवेत. रंगाऱ्याने विचारलं, किती? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, वीत टाकून मोजलं आणि म्हणाले, अठरा. माणसांचे रंग अठराच का, असं मला पुढे बऱ्याच विद्वानांच्या तोंडून ऐकायला मिळालं. कुणी हाडांचं सांगायचं, कुणी हवेचं. खरं कारण एवढंच की लाकडाचा तुकडा तेवढाच होता.

रंगाऱ्याने मनापासून काम केलं. बायकोची पाठ बघून सहावा रंग केला, सासऱ्याचं टक्कल बघून चौथा, स्वतःची मान बघून तेरावा. बाराव्याला माणूसच मिळेना. तेव्हा त्याने आपल्या घराच्या दाराचा उरलेला रंग लावून टाकला. पुढे शेकडो माणसं त्या दाराच्या रंगाची निघाली, आणि त्या सगळ्यांची नोंद झाली.

मग रेघेचा प्रश्न आला. साहेबांनी बाही वर केली, कोपराच्या आतली बाजू माझ्यावर टेकवली. ते सातवे निघाले. रंगाऱ्याने सातव्याखाली ब्रश टेकवला, तर साहेबांनी त्याचा हात धरला. उन्हाळ्यात माणूस रापतो, दोन चौकोन पुढे घे, म्हणाले. म्हणून रेघ नवव्याखाली आली. शास्त्र शास्त्र म्हणतात ते हे, मित्रांनो. रेघेला मात्र रंगाऱ्याने ‘सावध’ लिहायचा भारीतला तांबडा वापरला आणि दोन हात दिले.

एवढा खटाटोप कशासाठी, असं तुम्ही विचाराल. आमच्या गावातून एक कालवा जातो. अलीकडे शाळा, दवाखाना, फरसबंदी रस्ते. पलीकडे कालवा खणणाऱ्यांची वस्ती. अलीकडच्यांच्या पूर्वजांनी त्यांना दोरखंडाने बांधून लांबून आणलं होतं. कालवा खणून झाल्यावर त्यांनी परत जायला हवं होतं, असं अलीकडच्यांचं मत. कुठे परत जायचं, ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. तिथेच घोडं अडलं. मग दीडशे वर्षं माणसं माणसांसारखी वागली, एकमेकांच्या प्रेमात पडली, आणि रंगांची अशी काही सरमिसळ झाली की कोण अलीकडचा आणि कोण पलीकडचा, तेच कळेना. ते कळावं म्हणून मी.

माझी कचेरी पुलाच्या तोंडाशी होती. एक खोली, तीन खिडक्या, एक टेबल, एक बाक आणि एक जाडजूड वही. माणसं तीच दोन: चष्मेवाले साहेब आणि त्यांचा शिपाई. मूल सहा वर्षांचं झालं की त्याला माझ्याकडे आणायचं. लग्न करायचं, घर बदलायचं, नोकरी धरायची, तरी माझ्याकडे यायचं. शेजाऱ्याशी भांडण झालं की शेजारी निनावी चिठ्ठी टाकायचा, मग तर यायचंच. नववा आला की माणूस अलीकडे. दहावा आला की पूल ओलांडायचा आणि दिवस मावळल्यावर परत यायचं नाही.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मला हिरव्या मखमलीत ठेवायचे. शाळेची मुलं रांगेने मला बघायला यायची. मी खोटं बोलणार नाही, मला ते आवडायचं. लाकडाच्या तुकड्याला एवढा मान मिळाला की त्याचं डोकं फिरणारच.

शिपाई नववा होता. काठावर पास झालेलाच नापास झालेल्याला जास्त हसतो, तशातली गत. दहावा, अकरावा असा कुणी मला टेकला की शिपाई मला दोन बोटांनी उचलायचा, मेलेला उंदीर उचलावा तसा, आणि मागच्या नळावर न्यायचा. गरम पाणी, मूठभर धुण्याचा सोडा आणि काथ्याचा ब्रश. खसाखसा घासून मला उन्हात वाळत टाकायचा. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी एकदा पाहिलं आणि त्याच्या पाठीवर शाबासकी दिली. त्या शाबासकीनंतर तो मला दिवसातून चार-चार वेळा धुवायला लागला.

मलाही बरं वाटायचं. सरकारी कचेरीत एवढी आंघोळ कुणाला मिळते?

पण सोडा तो सोडाच. वर्षभरात माझे चौकोन हळूहळू फिके पडायला लागले. नववा होता त्या जागी आठव्यासारखा रंग दिसू लागला, दहाव्याच्या जागी नवव्यासारखा. माणसं होती तशीच होती, पण माझ्यावर मोजली की एकेक घर खाली यायची. जितके जास्त लोक रेघेखाली जायचे तितकं शिपाई मला जास्त धुवायचा, आणि जितकं जास्त धुवायचा तितके जास्त लोक रेघेखाली जायचे.

गावात मोठी गंमत झाली. ज्या न्हाव्याने साहेबांची दाढी अकरा वर्षं केली, तो दहावा निघाला. साहेब स्वतःच दाढी करायला लागले आणि महिनाभर गालावर कापसाचे बोळे लावून कचेरीत बसले. बेकरीवाला पलीकडे गेला, भट्टीही त्याच्याबरोबर गेली; अलीकडचे प्रतिष्ठित लोक शिळा पाव चहात बुडवून खायला लागले. गावच्या बँडमधला ढोलवाला गेला, पण ढोल सरकारी असल्यामुळे तो अलीकडेच राहिला, आणि मिरवणुकीत तो ढोल नुसताच गाडीवर ठेवून फिरवायचे. वरून मात्र साहेबांना शाबासकीचं पत्र आलं. आधीच्या माणसांच्या नजरेतून जे निसटत होते ते यांच्या नजरेतून निसटत नाहीत, असं त्यात होतं.

अशाच दिवसांत एक शिंपीण आली. शाळेच्या गणवेशांच्या कॉलरी शिवायची. विधवा बाई, बोटाला अंगुस्तान तसंच राहिलेलं. बरोबर दोन मुली. थोरली सात वर्षांची, धाकटीला नुकतीच सहा पुरी झालेली. दोघींचे फ्रॉक एकाच ताग्याचे. थोरलीची मोजणी वर्षापूर्वी माझ्यावरच झाली होती. नववी. आज धाकटीची पाळी होती. नंबर जुळला की दोघी एकाच शाळेत, एकाच बाकावर बसणार होत्या. तसं त्यांचं आधीच ठरलेलं होतं, खिडकीकडची जागा कुणाची यावरून वाटेत भांडणसुद्धा झालं होतं.

साहेबांनी धाकटीचा हात माझ्यावर टेकवला. दहावी.

शिंपिणीने गयावया केली नाही. ती वाकली आणि माझ्याकडे बघायला लागली, गिऱ्हाइकाने आणलेलं कापड बघावं तशी. मग तिने माझ्यावरून नख फिरवलं. नखाला पांढरी भुकटी लागली.

“साहेब, ही पट्टी उतरलीय,” ती म्हणाली.

“काय झालीय?”

“रंग उतरलाय हिचा. सोड्यात धुतलेल्या कापडाचं असंच होतं. थोरलीला आणलं तेव्हा हा नववा चांगला चहाच्या रंगाचा होता. आता बघा, दूध जास्त झाल्यासारखा दिसतोय.”

साहेब चष्मा पुसत म्हणाले, “बाई, सरकारी रंग उतरत नसतो.”

दारातला शिपाई हसला. मित्रांनो, त्या खोलीत मला वाचता येणारी ती एकटीच होती. मी ओरडून सांगितलं असतं, पण पट्टीला तोंड नसतं. तोंड असलेला शिपाई रोज मला धूत होता आणि त्याच्या डोक्यात तो प्रकाश पडला नव्हता.

शिंपिणीने थोरलीला पुढे ओढलं. दोघींचे हात शेजारी धरा, म्हणाली, सख्ख्या बहिणी आहेत, एका ताग्यातून कापल्यासारख्या. साहेबांना हे फारच आवडलं. ते खुर्चीत पुढे सरकले.

“धरू की,” ते म्हणाले. “मग थोरलीचाही हात पुन्हा पट्टीला लावू. दोघींचा रंग एकच असेल तर नंबरही एकच. चालेल?”

शिंपिणीने थोरलीचा हात मागे घेतला. कात्री एकदा चालली की कापड पुन्हा जुळत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. धाकटी दहावी आहे. थोरली धाकटीसारखीच आहे, हे सिद्ध झालं तर थोरलीही दहावी. तिने थोरलीची बाही खाली ओढली आणि मनगटावरचं बटण लावलं. बटण लावताना तिची बोटं चुकली. शिंपिणीची बोटं बटणाला चुकलेली मी तेवढीच एकदा पाहिली.

“नको,” ती म्हणाली. “थोरली पहिल्यापासून उजळ आहे. धाकटी बापावर गेलीय.”

बाप बिचारा मेलेला होता, आणि वहीत तो सहावा होता. पण ते पान उघडून बघायची कुणाला गरज वाटली नाही.

धाकटीने आपला हात पाहिला. मग थोरलीचा पाहिला. मग पुन्हा आपला. ती सहा वर्षांची होती, आणि आई सांगेल ते खरं धरायचं तिचं वय होतं.

नियमाप्रमाणे एक फेरमोजणी मिळायची, सहा महिन्यांनी. तोवर मुलीने घरात राहायचं, रस्त्यावर दिसायचं नाही. शिंपिणीने त्या सहा महिन्यांत काय केलं, ते तिने स्वतःच फेरमोजणीच्या दिवशी साहेबांना सांगितलं, जणू गृहपाठ दाखवत होती. खिडकीला जाड पडदे शिवले. सकाळी पीठ चोळलं, दुपारी लिंबू, संध्याकाळी आंबट दूध. कातडी सोलून निघाली तेव्हा दोन दिवस थांबली आणि पुन्हा चोळलं. थोरली अंगणात खेळायची, तिचा आवाज आत यायचा, म्हणून थोरलीलाही खेळायला बंदी केली.

धाकटी खरंच उजळली होती. अंधारात ठेवलेल्या रोपासारखी. ती स्वतःहून पुढे आली, स्वतःच बाही वर केली आणि साहेबांना म्हणाली, “मी एकदासुद्धा बाहेर गेले नाही.” आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिली.

पण त्या सहा महिन्यांत शिपायानेही आपलं काम चोख केलं होतं. रोज, मूठभर सोडा घालून.

अकरावी.

धाकटीने साहेबांकडे पाहिलं, मग आईकडे. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. आई म्हणाली, चल. पुढच्या सोमवारी तिला पलीकडच्या वसतिगृहात पाठवायचं ठरलं.

आणि त्याच आठवड्यात, शुक्रवारी, वरचे मोठे साहेब तपासणीला आले. दाखवा बघू हे मोजणीचं काम, म्हणाले. नमुन्यासाठी शिपायाला पुढे केलं. शिपायाने छाती काढून कोपर टेकवलं. तो तेरावा निघाला. कुणाला काहीच नवल वाटलं नाही. आमच्या साहेबांनी शांतपणे वहीत नोंद केली. मग मोठे साहेब थट्टेने म्हणाले, आता तुमचा हात लावा. आमच्या साहेबांनी हसत हसत लावला. सातवे साहेब अकरावे निघाले.

खोलीत उजेड कमी आहे, असं ठरलं. मला खिडकीत नेलं. तिथे ते साडेअकरा दिसायला लागले. दुसरा हात लावून पाहिला. साबणाने धुऊन पाहिला. शेवटी मोठ्या साहेबांनी स्वतःची बाही वर केली, आणि ते दहावे निघाले. पट्टी खराब आहे हे त्याच क्षणी सिद्ध झालं. इतके दिवस शेकडो माणसांच्या हातांनी जे सिद्ध होत नव्हतं, ते एका हाताने झालं.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. शिपायानेच अभिमानाने सांगितलं, “साहेब, मी हिला एक दिवस पारोशी ठेवली नाही.”

नवी पट्टी आली, काचेखालची. आमचे साहेब तिच्यावर सहावे आले, म्हणजे त्यांची बढतीच झाली. शिपायाने विचारलं, साहेब, मलाही परत मोजता ना? साहेबांनी वही पाहिली. तेरावा. शाई वाळली होती. वाळलेल्या शाईला साहेब तरी काय करणार? शिपायाने आपली पत्र्याची पेटी उचलली आणि पूल ओलांडला. जाताना मला एकदा वळून पाहिलं. एवढी सेवा केलेल्या माणसाकडे मी दुसरं काय करणार, फिकी पडून बघत राहिले.

बातमी ऐकून शिंपीण धावत आली, चपला न घालता. पट्टी खोटी होती तर माझ्या धाकटीचं काय, एवढंच तिने विचारलं. साहेबांनी तिला वरून आलेलं पत्र वाचून दाखवलं. जुन्या पट्टीने झालेले निर्णय कायम राहतील, कारण निर्णय पट्टीचा नसून सरकारचा आहे. आणि फेरमोजणी एकदाच मिळते. ती तुम्ही वापरलीत.

“पण तुमची तर परत केली,” शिंपीण म्हणाली.

“माझी मोजणी नव्हती,” साहेब म्हणाले. “ती तपासणी होती.”

सोमवारी धाकटी गेली. तिच्याबरोबर तिच्या मापाचे फ्रॉक, वर्षभर पुरतील असे, टाके सोडून मोठे करता येतील असे.

मला फेकून दिलं नाही. कचेरीच्या अडगळीतली खिडकी वाऱ्याने आपटायची, तिच्यात मला अडकवून ठेवलं. तिथून पूल समोर दिसायचा. रविवारी तासभर पुलाच्या मधोमध भेटायची मुभा होती. शिंपीण थोरलीला घेऊन यायची. दोघी बहिणींचे फ्रॉक एकाच ताग्याचे असायचे, आणि लांबून कोणती कोण ते ओळखता यायचं नाही. वर्षभराने एका रविवारी थोरली वेगळा फ्रॉक घालून आली. शाळेत तिने सांगितलं होतं की मी एकुलती एक आहे, आणि जोडीचे फ्रॉक एकुलत्या एक मुलीला शोभत नाहीत. त्यानंतर काही रविवार ती पुलाच्या टोकाशीच उभी राहायची. मग यायचीच नाही. शिंपीण एकटी यायची, धाकटीच्या फ्रॉकचे टाके सोडून तिथेच पुलावर बसून मोठे करून द्यायची.

मित्रांनो, पुढे कायदा गेला. पुलावरचा दरवाजा काढला, भाषणं झाली, काचेखालची पट्टी कुणीतरी फोडली. मला कुणी फोडलं नाही. मी खिडकीला टेकू होते, आणि टेकू कोण फोडतं? पुढे कचेरी पाडली, मी भंगारात गेले, भंगारातून एका क्रीम-पावडरच्या दुकानात आले. दुकानदाराने मला जुनी शोभेची वस्तू म्हणून भिंतीवर टांगलं. माझ्या शेजारी त्याचं छापील कार्ड आहे, चेहऱ्याच्या पावडरींचं. उजळ रंगांना त्यात नावं आहेत: मोती, साय, केवडा. गडद रंगांना नुसते नंबर. मी ते वाचलं आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

दुकानदार माणूस वाईट नाही. वरची खोली भाड्याने द्यायची आहे. फोनवर तो सगळ्यांना ‘या, बघून जा’ म्हणतो. काहीजण येऊन उभे राहिले की मात्र खोली नुकतीच गेलेली असते. गेली दोन वर्षं ती खोली रोज जाते आहे.

परवा एक म्हातारी आली, सात-आठ वर्षांच्या नातीला घेऊन. नातीला शाळेच्या नाटकात परी व्हायचं होतं. बाईंनी तिला झाड केलं. परी उजळ लागते, म्हणाल्या, आणि झाडाचं कामही महत्त्वाचं असतं. म्हणून नातीला क्रीम हवं होतं, नाटकाच्या आधी काम करणारं. दुकानदाराने लहान मुलांचं, छान वासाचं काढून दिलं. लावायच्या आधी हात धुऊन घ्या, म्हणाला. कोपऱ्यात नवीन नळ आहे, हात पुढे केला की आपोआप पाणी सोडणारा. म्हातारीने हात धरला. पाणी आलं नाही. वर धरला, खाली धरला, पालथा धरला. नळाला ती दिसतच नव्हती. नीट धरा आजी, असं म्हणत दुकानदाराने स्वतःचा गोरा हात पुढे केला, आणि पाणी धो-धो आलं. त्या पाण्यात तिने घाईघाईने बोटं भिजवली.

मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. ती जवळ आली. माझ्यावरून तिने नख फिरवलं, आणि नखाची भुकटी बघत राहिली. त्या नख फिरवण्यावरून मी तिला ओळखलं. ती शिंपिणीची, तिच्या आईची लकब होती; दोघी बहिणींतली ही कोणती, ते मात्र मला ओळखता आलं नाही.

दुकानदार म्हणाला, लोकांना भारी मजा वाटते हिची, हात लावून बघतात. तेवढ्यात नातीने बाही वर करून कोपर माझ्यावर टेकवलंसुद्धा.

“आजी, मी कितवी?”

मित्रांनो, मी आता इतकी उतरले आहे की माझे अठराही चौकोन पांढरट आहेत. पोरीचा हात माझ्या अठराव्याच्याही पलीकडे होता. म्हातारीचाही असता. दुकानदाराचाही. म्हातारीने हे सगळं पाहिलं, तिला सगळं कळत होतं. या प्रश्नाला काय उत्तर द्यायला हवं होतं, ते तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. तिने नातीची बाही खाली ओढली आणि मनगटावरचं बटण लावलं.

“नववी,” ती म्हणाली. “पहिल्यापासून नववी.”

पोरगी खूश झाली. क्रीमची बाटली घेऊन दोघी गेल्या.

दुकानदार आता मला नव्याने रंगवून घ्यायचं म्हणतोय. बिचारी फार फिकी पडलीय, म्हणतो, पाट्या रंगवणारा बोलावलाय. मित्रांनो, जुनी सायकल, जुनी छत्री, जुना कंदील तुम्हाला शेवटी सांगतात की आम्हाला पुसा, तेल द्या, जपून ठेवा. माझी विनंती उलटी आहे. मला जपू नका. मला उन्हात टाका, पावसात विसरा, वाळवीला द्या. चौकोनांचं काम तर होतच आलंय. ते आता सगळे एकसारखे दिसतात, कुठला कुणाचा ते मलाही सांगता येत नाही.

रेघ तेवढी अजून तशीच आहे. ती रंगाऱ्याने भारीतल्या रंगात काढली होती.